गळतीची दुरुस्ती : इंदूरच्या एका एंडोस्कोपी विभागातले माझे चार महिने

जानेवारीत मी वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढचे चार महिने ते पोट दुरुस्त करून घेण्यात गेले. हा अभिप्राय त्या दुरुस्तीबद्दल आहे. इंदुरातल्या एका रुग्णालयाच्या एंडोस्कोपी विभागात माझ्या पोटाला पडलेलं छिद्र तोंडावाटे दुर्बीण घालून बरं केलं, दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं नाही. मूळ शस्त्रक्रिया झाली ते रुग्णालय वेगळं. दोघांचीही नावं मी लिहिणार नाही. पहिल्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि दुसऱ्याचं नाव लिहिलं तर पहिलं कुठलं हे आपल्या शहरात चार दिवसांत सगळ्यांना कळेल. ज्यांच्या घरात कुणाची ही शस्त्रक्रिया ठरते आहे किंवा नुकतीच झाली आहे, त्यांच्यासाठी हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

माझं वय ४८. लोकमान्य नगरात राहते, घरून डबे देते. भंवरकुव्याला कोचिंगसाठी आलेली मुलं, बँकेतले दोघं आणि एकटे राहणारे चार आजी-आजोबा, असे ३४ डबे. उंची पाच फूट दोन इंच, शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन १०९ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते माप) ४४च्या आसपास. मधुमेह ११ वर्षांचा, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.६. रात्री झोपेत माझा श्वास अडकायचा आणि हे मला हलवून जागं करायचे. डबेवाली म्हटल्यावर लोक म्हणत, दिवसभर तोंड चालू असेल. मी पहाटे साडेचारला उठते आणि पहिला घास अकराला खाते, पण हे किती जणांना सांगणार? चालणं, पथ्य, गोळ्या, काढे, सगळं करून झालं होतं. शस्त्रक्रियेचा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून एखादी खरी गरज असलेली बाई घाबरून मागे फिरायची.

माझी झाली तिला स्लीव्ह म्हणतात. पोटाचा बाहेरचा फुगीर भाग, पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त, कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात. कापलेली कड धातूच्या बारीक पिनांनी शिवतात. शिवण लांबलचक असते. तिचं वरचं टोक, जिथे अन्ननलिका पोटाला मिळते त्याच्या जवळचं, सगळ्यात नाजूक. तिथे रक्त कमी पोचतं आणि या अरुंद नळीत दाबही जास्त असतो. शंभरातल्या साधारण एक ते तीन जणांची शिवण उसवते, आणि उसवली तर बहुतेक वेळा त्या वरच्या टोकालाच. हे मला नंतर कळलं. आधी सही घेतली त्या कागदावर ‘लीक’, म्हणजे शिवण उसवून होणारी गळती, हा शब्द होता, इंग्रजी मजकुरात, बाराव्या ओळीत. घरी आल्यावर मी ओळी मोजल्या. तोंडाने मला कुणी तो शब्द सांगितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. नवव्या दिवशी संध्याकाळी डावा खांदा दुखायला लागला. पोट नाही, खांदा. ताप १००. कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र घरात होतं, त्यात नाडी १२४ आली. मी नुसती पलंगावर पडून होते. ह्यांनी पहिल्या रुग्णालयात फोन केला. तिकडून उत्तर आलं : गॅस आहे, चालायला लावा, घोट घोट पाणी द्या. दुसऱ्या दिवशी नाडी १२८. पुन्हा फोन, पुन्हा गॅस, आणि वर “पेशंट को घबराहट ज़्यादा है.” मी घाबरले नव्हते. मी डब्यांच्या वहीच्या मागच्या पानावर दर दोन तासांनी आकडे लिहीत होते. पैशांचा हिशोब जसा लिहिते तसा, तारीख आणि वेळ घालून. डबे नणंद सांभाळत होती. रात्री पोळ्या आटपून ती आत आली आणि म्हणाली, “वहिनी, तुमचे ओठ कसे दिसतायत बघा.” अकराव्या दिवशी पहाटे श्वास पुरेनासा झाला. गल्लीतल्या औषधाच्या दुकानदाराने ह्यांना सांगितलं होतं की दुसऱ्या एका रुग्णालयात एंडोस्कोपीचे डॉक्टर रात्रीसुद्धा येतात. भाच्याने गाडी काढली ती तिकडेच वळवली.

पुढे डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते इथेच लिहिते, कारण या सगळ्यातलं हेच वाक्य कुणाचा तरी जीव वाचवेल. या शस्त्रक्रियेनंतर पडून असतानाही नाडी १२०च्या वर राहत असेल तर तपासणीत गळती नाही असं दिसेपर्यंत ती गळतीच धरायची. पोट दुखेलच असं नाही, कडक होईलच असं नाही, तापही थोडाच असू शकतो. वजन जास्त असलेल्या माणसाचं पोट हाताने चाचपून फारसं काही कळत नाही. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली पू साचला की त्याची कळ खांद्यात जाते.

इमर्जन्सीत पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीने नाडी बघितली, वही बघितली, शस्त्रक्रियेला किती दिवस झाले विचारलं. “ग्यारह” म्हटल्याबरोबर तिने फोन उचलला. माझी वही तिने फेकली नाही, हसली नाही, तिचा फोटो काढून वरच्या डॉक्टरांना पाठवला. मला त्या क्षणी रडू आलं. दोन दिवस आम्ही तेच आकडे फोनवर सांगत होतो.

सलाइन लावण्याआधी सिस्टरने एक इंजेक्शन दिलं. केरळची होती, हिंदीतून तिने आपणहून समजावलं. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. या शस्त्रक्रियेनंतर माणूस बरेच दिवस नीट खात नसेल किंवा उलट्या होत असतील तर शरीरातला त्याचा साठा लवकर संपतो. अशा वेळी आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, आठवण जाते. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. काम दोन मिनिटांचं. पण हे करायचं ज्या ठिकाणी लक्षात असतं, तिथे बाकीचंही लक्षात असणार, असा माझा विश्वास तिथूनच बसला.

सीटी स्कॅनमध्ये प्यायला दिलेलं औषध पोटाबाहेर गेलेलं दिसलं. डाव्या बाजूला पडद्याखाली मोसंब्याएवढी पुवाची पिशवी. दुपारी सोनोग्राफीत बघत कुशीतून बारीक नळी घालून तो पू बाहेर काढला, अँटिबायोटिक सुरू झालं आणि रात्री नाडी शंभराच्या खाली आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एंडोस्कोपीचे डॉक्टर आले. स्टूल ओढून बसले. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने माझं पोट काढलं, वाकड्या मिरचीसारखं, आणि वरच्या टोकाला एक टिंब केलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

ते म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करून टाका घालता येईल, पण पुवाने भिजलेल्या मांसात टाका धरत नाही. आतून करायचे चार मार्ग आहेत. छिद्र ताजं, लहान आणि कडा चांगल्या असतील तर अस्वलाच्या पंजासारखी एक क्लिप दुर्बिणीच्या टोकावरून सोडून ते चिमटून टाकतात. माझ्या कडा सुजलेल्या होत्या, क्लिप धरली नसती. दुसरा, वरून आवरण असलेली धातूच्या जाळीची नळी आतून बसवायची, म्हणजे लाळ आणि पाणी छिद्राला न लागता खाली जातं. तिसरा, त्या पोकळीत स्पंज ठेवून नाकातून काढलेल्या नळीने सतत ओढ द्यायची, पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरची. तो स्पंज दर तीन ते पाच दिवसांनी बदलावा लागतो. चौथा, दोन्ही टोकं डुकराच्या शेपटासारखी वळलेल्या बारीक प्लास्टिकच्या नळ्या छिद्रातून आरपार ठेवायच्या. एक टोक पुवाच्या पोकळीत, दुसरं पोटात. म्हणजे छिद्र बुजवायचं नाहीच, उलट पुवाला आत पोटात यायची वाट मोकळी ठेवायची. पोकळी रिकामी होत होत आकसते, नळीभोवती मांस भरत येतं.

मला हा चौथा मार्ग ऐकून उलटा वाटला. भोक मोकळं ठेवून भोक कसं बुजेल? ते म्हणाले, “गळू दाबून बंद केलं तर काय होतं?” तेव्हा पटलं. मग त्यांनी चित्रात मिरचीच्या वाकणापाशी एक रेघ मारली. तिथे माझ्या पोटाची नळी अरुंद झाली होती. आणि माझ्या स्वयंपाकघरात मला रोज दिसणारी गोष्ट एकदम कळली : खाली मोरी तुंबलेली असेल तर वरचा सांधा कितीही वेळा भरा, तो गळणारच. अरुंद जागा फुग्याने रुंद केल्याशिवाय वरचं छिद्र भरणार नव्हतं. पहिल्याच भेटीत त्यांनी गळतीबरोबर तिचं कारणही दाखवलं. या विभागाला मी पूर्ण गुण देते ते सगळ्यात आधी याच्यासाठी.

वेळ किती लागेल विचारलं तर म्हणाले, “छह हफ़्ते कहूँ तो आप बारह मानकर चलिए.” तेव्हा वाईट वाटलं. पुढे प्रत्येक वेळी त्याच वाक्याने धीर दिला, कारण काही लांबलं तरी फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही.

आधी जाळीची नळी बसवली. तिच्याबद्दल मोकळेपणाने लिहायला हवं. बसवताना काही कळलं नाही, भुलीच्या औषधात होते. जाग आल्यापासून मात्र छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळून धरल्यासारखं दुखत होतं. तोंडात सारखी लाळ, मळमळ, आडवं पडलं की घशाशी आंबट पाणी. आठ रात्री मी तीन उशा लावून बसून काढल्या. नवव्या दिवशी पुष्कळ उलट्या झाल्या आणि एक्स-रेत दिसलं की जाळी खाली सरकली आहे. मला वाटलं, माझ्या उलट्यांनीच सगळं वाया गेलं. डॉक्टर संध्याकाळी स्वतः सांगायला आले. म्हणाले, या नळ्या सरकतात, हे नेहमीचं आहे, मुळात त्या अन्ननलिकेसाठी बनवलेल्या असतात, तुमचा यात काहीच दोष नाही. दुसऱ्या दिवशी ती काढली, आणि त्याच वेळी प्लास्टिकच्या दोन वळलेल्या नळ्या ठेवल्या. अरुंद जागेत ३० मिलिमीटरचा फुगा फुगवला. पोट फुगवायला साधी हवा न वापरता कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो शरीरात लवकर शोषला जातो, त्यामुळे नंतर पोट तडतडत नाही. जाळीच्या दिवशी आणि या दिवशी जागं होण्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. छातीतली मूठ सुटली होती. आठ दिवसांनी कुशीतली बाहेरची नळीही काढली, म्हणजे पू बाहेर न येता आतल्याच वाटेने जायला लागेल.

आता जेवणाबद्दल, कारण माझं सगळं आयुष्य जेवणात गेलं आहे. पाच आठवडे तोंडाने काही नाही. नाकातून घातलेली बारीक नळी पोट ओलांडून लहान आतड्यापर्यंत गेलेली, तिच्यातून यंत्राने थेंब थेंब पातळ अन्न, तासाला ७० मिलिलिटर. मी हट्ट धरला की मुगाचं कढण घरून आणवते, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून देते, बाजारची पावडर नको. आहारतज्ज्ञ मुलगी तरुण होती, पण ठाम होती. म्हणाली, “काकू, कितीही गाळलं तरी कण राहतो. ही नळी तुंबली तर पुन्हा दुर्बीण घालावी लागेल. आणि आतड्यात सरळ जातंय, मध्ये पोटातलं आम्ल नाही, त्यामुळे जंतूही सरळ जातील.” चौतीस घरांना जेवू घालणाऱ्या बाईला स्वतःचं अन्न चालणार नाही हे ऐकणं फार जड गेलं. पण तिने कारण सांगितलं, नुसतं ‘नाही’ म्हटलं नाही. रोज किती प्रथिनं गेली तेही ती माझ्या वहीत लिहून जायची, ६० ग्रॅमच्या खाली एकही दिवस जाऊ दिला नाही. दर चार तासांनी ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवायची, हे काम ह्यांनी घरी आल्यावर अंगावर घेतलं. रात्री दोनचा गजर लावून उठायचे.

त्या वॉर्डात माझ्यासारखे आणखी काही जण होते. या शस्त्रक्रियांचं काय काय बिघडू शकतं आणि त्यातलं किती पुन्हा न कापता दुरुस्त होतं, हे तिथेच समजलं. देवासचे एक गृहस्थ होते, दोन वर्षांपूर्वी त्यांचा बायपास झालेला, म्हणजे पोटाची छोटी पिशवी करून आतडं तिला जोडलेलं. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज घेत होते, बिडीही सुटली नव्हती. त्या जोडावर जखम झाली आणि काळी शौच सुरू झाली. रक्त दुर्बिणीतून क्लिप लावून थांबवलं, पण डॉक्टरांनी बजावलं की दुखण्याची ती गोळी पुन्हा घेतली तर जखम पुन्हा होणार. आम्ल कमी करणारी कॅप्सूल त्यांना उघडून आतली पूड घ्यायला सांगत, छोट्या पिशवीत कॅप्सूल विरघळायला वेळच मिळत नाही म्हणून. खरगोनची एक मुलगी होती, तिचा जोड इतका आवळला होता की पाणीही उतरत नव्हतं. तिला फुगा घालून आधी १२, मग १५ मिलिमीटरपर्यंत रुंद केलं, घाई न करता, तीन वेळा. आणि एक बाई सात महिन्यांची जुनी गळती घेऊन आल्या होत्या. त्यांची पोकळी आणि पोट यांच्यात पडदा तयार झाला होता. तो पडदा दुर्बिणीतूनच कापून दोन्ही जागा एक केल्या, म्हणजे साठलेलं खाली वाहून जाईल. सात महिने त्या कुणाकडे जायचं हेच शोधत होत्या. त्यांचा चेहरा मी विसरत नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाकात नळी घेऊन घरी आले. मार्चच्या सुरुवातीला पोटातल्या प्लास्टिकच्या नळ्या बदलल्या, फुगा ३५चा घातला. औषध पाजून पाहिलं तर ते बाहेर जात नव्हतं. त्या दिवशी नाकातली नळी निघाली आणि मी ताकाची निवळ प्याले. ३० मिलिलिटर, वीस मिनिटं लावून. घरचं ताक. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. त्या ७८ वर्षांच्या, हिंदी समजतं पण डॉक्टरांचं बोलणं झेपत नाही. देवासची एक शिकाऊ डॉक्टर मराठी होती, तिने दर वेळी त्यांना वेगळं बसवून आपल्या भाषेत सांगितलं. “आजी, सुनेच्या पोटातली जखम आतून भरत येतेय, आता नखाएवढी राहिलीय.” हे तिच्या कामाच्या यादीत नव्हतं. एप्रिलमध्ये पुन्हा नळ्या बदलल्या, या वेळी एकच ठेवली. मेच्या मध्यावर ती काढली आणि छिद्राच्या जागी नुसती खाच दिसली.

पाचही वेळा दुर्बीण धरणारे डॉक्टर तेच, टेक्निशियन तोच. मी आत जाण्याआधी मागच्या वेळची चित्रं काढून ठेवलेली असायची. माझी माहिती मला दर वेळी नव्याने सांगावी लागली नाही. घरी सोडताना दिलेला कागद हिंदीत होता, त्यावर कुठल्या पाच लक्षणांना लगेच यायचं ते मोठ्या अक्षरात आणि पहिलं लक्षण नाडी.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. उपाशीपोटी सकाळी सातला बोलावतात आणि नंबर दीडला लागतो. मला मधुमेह आहे. एकदा थांबलेल्या जागीच साखर ६२ झाली, घाम फुटला, आणि मी सांगितल्यावरच कुणी बघितलं. मधुमेहाच्या माणसाला यादीत वर घ्यायला काय अडचण आहे? बायकांना कपडे बदलायला नीट आडोसा नाही, पडदा अर्धवट सरकतो. आहाराचा छापील तक्ता पनीर, टोफू, मशरूम सूप यांनी भरलेला. इंदूरच्या घरात सकाळी पोहे असतात, दुपारी वरण-भात, ते किती आणि कधी हे त्यात कुठेच नाही. मी त्या मुलीला मऊ गुरगुट्या भात, ज्वारीची आंबील, दुधी घातलेलं मुगाचं वरण, ताकातली पातळ कढी असा क्रम लिहून दिला. तिने ग्रॅम घालून तो माझ्या फाइलला लावला. बाकीच्यांना अजून जुनाच तक्ता देतात. आणि रविवारी विभागाचा फोन कुणी उचलत नाही, सरळ इमर्जन्सीत या म्हणतात. खंडव्याहून येणाऱ्याला हे कसं परवडेल?

खर्च. दुसऱ्या रुग्णालयाचं सगळं मिळून माझं सव्वापाच लाख झालं. त्यातली जाळीची नळी नऊ दिवसच राहिली, पण तिचे पैसे पूर्ण. प्लास्टिकच्या नळ्या त्यामानाने फारच स्वस्त होत्या. बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेली होती, मी वहीशी ताडून बघितली, दोन ठिकाणी फरक निघाला आणि तो त्यांनी विनातक्रार कमी केला. विम्याने तीन लाख ऐंशी हजार दिले. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आरोग्य विम्याच्या ठरलेल्या नियमांत वजनाची शस्त्रक्रिया एरवी वगळलेली असते, पण डॉक्टरांचा सल्ला असेल, वय १८ किंवा जास्त असेल आणि बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयाचा आजार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर ती वगळणूक लागू होत नाही. माझ्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदांवर उंची, वजन, साखर, झोपेच्या तपासणीचा अहवाल सगळं होतं म्हणून दुसऱ्या वेळी अडलं नाही. ते कागद फाइलमधून कधीही वेगळे करू नका.

माझा पहिल्या सर्जनवर राग हाताच्या कामाबद्दल नाही. शिवण उसवणं चांगल्या हातांतूनही होतं, हे मला दुसऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं, आणि त्यांनी पहिल्यांबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. माझा राग त्या दोन फोनचा आहे. नवव्या दिवशी बोलावलं असतं तर पू मोसंब्याएवढा होईपर्यंत दोन दिवस गेले नसते. मी मार्चमध्ये त्यांना पत्र लिहिलं, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. उत्तर आलं नाही.

कुणी ही शस्त्रक्रिया ठरवत असाल तर किती जणांचं किती किलो कमी झालं ते विचारण्याआधी हे विचारा : गळती झाली तर रात्री अकराला मी कुणाला फोन करायचा? इथे दुर्बिणीतून उपचार करणारा माणूस आहे का, का मला दुसरीकडे पाठवणार? कुठे पाठवणार, त्यांच्याशी बोलणं झालेलं आहे का? मी हे विचारलं नव्हतं. सराफ्याजवळच्या माझ्या मावसबहिणीची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरते आहे, तिच्याबरोबर मी स्वतः जाऊन विचारणार आहे, ती वही घेऊन.

ऑगस्टच्या तपासणीत वजन ८१ भरलं. तीन महिन्यांची साखर ६.१, रात्रीचं श्वास अडकणं बंद. बी-१२चं इंजेक्शन, लोह आणि कॅल्शियम आयुष्यभर. डबे पुन्हा सुरू केले आहेत, सध्या २२च, पोळ्या अजून नणंदच करते. आजच्या पानावर लिहिलं आहे : नाडी ७६, पाणी दीड लिटर, सकाळी पोहे तीन चमचे, शेव नाही.